शेरा

मिरजेचे बाबालाल मुजावर रिटायर झाले
तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणातून निघाली
एक लांबुडकी वही, सलाईनच्या नळीनं बांधलेली.
आत पुरवठादार. अकारविल्हे नव्हेत,
ज्या क्रमानं त्यांनी मामांना छळलं, त्या क्रमानं.

'साळुंखे सर्जिकल: फोन उचलत नाही. मेव्हण्याला लावावा.'
'श्रीपाद एजन्सी: माल चांगला. बिल तीनदा तपासावे.'
'गुलशन कॉटन: कापूस घेऊ नये. का ते विचारू नये.'

वरून आदेश आला: जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांची
एकच यादी करा. संगणकावर. महिनाअखेर.
मी आटपाडीची भांडारपाल. मराठी टाइप येतं
एवढ्या गुन्ह्यावर मला सांगलीला बोलावलं.

जतहून रजिस्टर आलं, शिराळ्याहून झेरॉक्स,
विट्याहून तिरका फोटो, त्यात अर्धा अंगठा.
कवठेमहांकाळच्या घोरपडेबाईंनी फोनवरच सांगितलं सगळं,
मधेच "थांब गं, गाडी आलीय" म्हणून
पंचवीस मिनिटं फोन तसाच टेबलावर.
मी ऐकत राहिले. एक बाई कण्हत होती,
मग एक बाळ.
मग घोरपडेबाई: "हां, तर पिनकोड लिही."

नाव, पत्ता, परवाना, जीएसटी, बँक खातं.
रकाने सरळ. माणसं त्यांत बसेनात.
प्रोग्रामवाल्या पोराला म्हटलं, शेरा कुठंय?
म्हणाला, मॅडम, शेऱ्याची बेरीज होत नाही.
न होईना. जागा ठेव.
अडीचशे अक्षरं दिली त्यानं, रेशनच्या साखरेसारखी.

पारिसा अकिवाटे लाल दिसतो यादीत.
परवाना मार्चमध्ये संपलाय.
पुरात आयर्विनचं पाणी चढत असताना
हाच माणूस कुल्फीच्या थर्मासात
बाळंतिणींची इंजेक्शनं घालून नावेतून आला होता,
आणि नावाड्याचे पैसे बिलात लावले नव्हते.
हे अडीचशेत बसलं नाही. थर्मास ठेवला, नाव काढली.
मग त्यालाच फोन केला: परवान्याचं बघा हो.
म्हणाला, बघतो. आवाजावरून वाटलं, नाही बघणार.

आणि हिरवे? हिरव्यांचं सगळं वेळेवर.

जतचा शेरा, 'वैभवी मेडिको'पुढं:
खोक्यांवर पिवळे डाग, पुसून घेतले.
शिराळ्याचा, 'न्यू कृष्णाकाठ सप्लायर्स'पुढं:
हातमोजे ठीक, पुडकं पिवळं का?
आणि मामांचा, नऊ वर्षांपूर्वीचा, तिसऱ्याच नावापुढं
एकच शब्द: हळद.

तीन नावं, तीन सीलबंद दरपत्रकं,
दरवर्षी एकमेकांशी हिरिरीनं झुंजणारी,
आणि दरवर्षी आळीपाळीनं हरणारी.
तिघा भांडारपालांनी तीन गावांत
एकच डाग पुसला होता.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं कुठं?

संध्याकाळी मार्केट यार्डात चालत गेले.
हळदीच्या गोदामाला लागून एक शटर, वर पाटी नाही.
काही केलं नाही. नुसता हात लावला.
रात्री भात कालवताना दिसलं,
बोट अजून पिवळं.

यादी वर गेली. वरून अजून काही खाली आलेलं नाही.

काल वही परत द्यायला मिरजेला गेले.
मामा गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत होते.
म्हटलं, एक राहिलंय. गुलशन कॉटन.
ते बराच वेळ मूठ तशीच धरून उभे.
"पोराचं दुकान आहे माझ्या."

आणि माल, मामा?

"माल," मूठ उघडत म्हणाले, "एक नंबर."