साडेतीन जन्म

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी
माझ्या नवऱ्याचं लग्न लागलं.
ओढ्याच्या अंगाला, मसणवाटेच्या अलीकडं,
शेळीसुद्धा जिथं तोंड लावत नाही
त्या रुईशी.

दोघी होऊन गेल्या होत्या.
तारूबाई बाळंतपणात,
केराबाई विहिरीच्या पायरीवर घसरून.
असं सांगतात. मी खोदून विचारलं नाही.
तिसरी टिकत नसते, भटजी म्हणाले,
तिसरीचा मान झाडाला द्या,
पोरगी आपसूक चौथी होईल.
माझ्या बापानं बोटं मोजली,
पुन्हा एकदा मोजली,
आणि सुपारी फोडली.

चुलतसासू रंगवून सांगायची:
बुंध्याला खण गुंडाळला,
फांदीत हिरवा चुडा,
मंगळसूत्र कशाला, काळी पोत पुरे.
हळद लावताना पान तुटलं
तर चीक उडाला धोंडीबाच्या मनगटावर,
टरारून फोड.
वाजंत्री नाही, जेवणावळ नाही.
अक्षता पडल्या तसा कोयता पडला,
आणि सगळे आंघोळीला विहिरीवर.
त्याच विहिरीवर.

दुसऱ्या दिवशी अंतरपाटाखालून
मला आधी तो फोड दिसला,
तोंड मागनं.

चौथी म्हणून जगले, म्हणतात.
असेन.
संक्रांतीला शेण गोळा करत ओढ्याकडं गेले
तर बुडख्याला हातभर फुटवे,
जांभळट फुलं, आणि मातीत अर्धी पुरलेली पोत.
उचलायला वाकले.
मग पायानंच वर माती ओढली.

तेव्हापासून वडाला सूत गुंडाळून येताना
चिमूटभर हळद तिकडं वळते.
बाया सात जन्म मागून घेतात.
मी तिला म्हटलं, बाई,
साडेतीन तुझे, साडेतीन माझे.
पहिले कुणी घ्यायचे
ते अजून ठरलं नाही.

आता त्यांचे गुडघे धरतात.
तव्यावर तेल लावून पान शेकते, बांधते.
‘बरं वाटतंय गं,’ म्हणतात डोळे मिटून.
मी काही बोलत नाही.
तिचाही हात लागू दे की.

शनिवारी आळीतली पोरं येतात
मारुतीच्या माळेला पानं तोडायला.
मी हाळी देते बांधावरनं:
आरं, तिला नका हात लावू,
पल्याडची न्या.
ती आमच्या घरातली हाय.