केबल ताणायचं यंत्र

केमीचं बंदर. उणे सव्वीस.
डोलकाठीवरून उतरलेली केबल
रेडिओकडे येता येता थांबली,
बरोब्बर वीतभर अलीकडे.

वेइयोनं चेहऱ्याची रेघही न हलवता सांगितलं,
“आतु, जा. स्टोअरमधून
केबल ताणायचं यंत्र आण.”

स्टोअरच्या सिर्काबाई तीस वर्षं
नव्या पोरांना हे यंत्र देत आल्यात:
“अगंबाई, ते आत्ताच रेल्वेवाल्यांनी नेलं.”
रेल्वेवाले म्हणणार, गोदीत बघ.
गोदीवाले, बर्फ फोडणाऱ्या जहाजावर.
पोर परततं दिवेलागणीला
(इथे ती दुपारी दोनला होते)
लाल नाक, रिकामे हात,
आणि कॉफी सगळ्यांच्या नाकात जाते.

आतु परतला तो
खांद्यावर बोट ओढायचा विंच घेऊन.
एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं विंचला.
कट्. कट्. कट्.
कुणी हसायचं विसरलं, कुणी थांबवायचं.

केबल लांबली हो.
काळं कातडं आधी पांढुरकं पडलं
मग थंडीनं चर्रकन तडकलं,
आतली जाळी आवळली,
मधली तार कनेक्टरमधून मान आत घेऊन बसली
गोगलगाईसारखी.

वेइयोनं मीटर लावला.
“तार आणि जाळी एकाच मापानं रोडावल्या,
तर ओहम पन्नासचे पन्नासच.
नवराबायको दोघं बारीक झाले
तर पलंगावर जागा वाढते,
भांडण तेवढंच राहतं.”
“मग इथं एक्केचाळीस का?”
“तिथं तू व्हाइस आवळलास, बाळा.
ताणून नाही, चेपून मेली ती.
आता शंभरातला एक पाहुणा
उंबऱ्यावरूनच माघारी.”
“एकच ना?”
“बारीक तारेत आणखी काही वाटेत
ऊब होऊन बसणार.”
आतुनं हातमोज्यांत फुंकर मारली:
“या हवेत ऊब वाईट का?”

वेइयोला उत्तर सुचलं नाही.
त्यानं टेप लावली.
मागितली होती वीत,
मिळाली तीन बोटं.

तेवढ्यात सिर्काबाई आल्या,
एका हातात कॉफीचा थर्मास,
दुसऱ्या हातानं
रेडिओचं टेबल
वीतभर
केबलकडे सरकवलं.
नवी केबल टाकली. पोचली. वर थोडी ढीलही उरली.

संध्याकाळी, म्हणजे तीनला,
त्यांनी स्टोअरचं रजिस्टर उघडलं
आणि तीस वर्षांच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं:
केबल ताणायचं यंत्र, नग एक.
शेरा: चालतं. वापरू नये.