कीप

सोहारला, बंदरामागच्या लेबर कॅम्पात,
शुक्रवारी जेवणाची पातेली घासून झाली
की खोली नंबर अकरात मी इंग्रजी शिकवतो.
मी म्हणजे स्टोअरकीपर. बोल्ट, ग्रीस, हातमोजे.
बी.ए. अर्धवट, पण हुद्द्यातच क्रियापद असल्यानं
लोकांना वाटतं, याला येत असणार.

विद्यार्थी तीन.
दापोलीचे परकारचाचा, क्रेनवाले.
नंदू घवाळी, जो धड्याच्या मध्यावर झोपतो.
आणि गडहिंग्लजकडचा यल्लाप्पा, गवंडी,
वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतो,
सिमेंट लागू नये म्हणून.

आज कीप.
फ्रिजच्या दारावर मार्करनं लिहिलं, कीप म्हणजे ठेवणे,
आणि धडा सोपा निघाला म्हणून खूश झालो.

कीप द चेंज. सुटे राहू देत.
हे चाचांना आधीच ठाऊक,
टॅक्सी चालवायचे तेव्हा महिन्यातून एकदा तरी ऐकायचे.
कीप क्वाएट. कीप राइट.
"यात ठेवायचं काय? हे तर राहणे झालं," यल्लाप्पा म्हणाला.
मी खाली राहणे लिहिलं.
दिलेला शब्द कीप करतात, म्हणजे पाळतात.
शेळ्याही कीप करतात.
"शब्द आणि शेळी एकाच दाव्याला?" चाचा हसले.
चाचा, ते दावं आपलंच आहे,
पाळायचं म्हटलं की मराठीतही दोघी एका गोठ्यात.

यल्लाप्पानं वहीत तीन ओळी कोऱ्या सोडल्या.
मग विचारलं,
मुदीरनं पासपोर्ट कपाटात ठेवलाय, तो कुठला कीप?
जपून ठेवलेला, का अडवून ठेवलेला?

फ्रिज मध्येच गुरगुरला, दारावरची अक्षरं थरथरली.
इंग्रजीत दोन्हीला एकच, मी म्हटलं.
"आणि मराठीत?"
मराठीतही ठेवलाच आहे, यल्लाप्पा.
कुलपाला विचारायला हवं.

मार्चमध्ये त्याच्या मुलीचं बारसं झालं, फोनच्या पडद्यावर.
पाळण्याखालून पाळण्यावरून झालं,
आत्या कानाशी वाकली
आणि नेमकं तिथं चित्र गोठलं.
कस्तुरी, हे त्याला रात्री मेसेजनं कळलं.
"नाव ठेवणे. कीप नेम?"
नाही रे. इंग्रज नाव देतो. गिव्ह.
"आणि नावं ठेवणे?"
ते तुला फोरमन शिकवेल.
नंदू झोपेतच हसला.

मग पिशवीतून डबा निघाला,
कुणाबरोबर तरी आलेले डिंकाचे लाडू,
तळाशी तुपाचा ओशट कागद.
घ्या, म्हणाला, महिनाभर राहतात.
मला राहवेना. यालाही कीप म्हणतात, मी म्हटलं. लाडू कीप.
"कोण कीप करतं त्यांना?"
कुणी नाही. इथं कर्म शोधू नकोस.
आपले आपण. टिकतात.
हे वाक्य त्यानं दोनदा लिहिलं,
दुसऱ्यांदा पेन जरा दाबून.

गुरुवारी सकाळी गेटपाशी बेचाळीस अंश.
मी खिडकीत ग्रीसचे डबे मोजत होतो.
सेफ्टीचा स्कॉटिश साहेब यल्लाप्पापाशी थांबला,
हेल्मेटचा पट्टा बघितला आणि सहज म्हणाला,
हाऊ आर यू कीपिंग?

माझा हात थांबला. हे मी शिकवलं नव्हतं.
विटांची ओळ सरळ आहे का बघताना करतो
तसा यल्लाप्पानं एक डोळा बारीक केला.
ओठ हलले, बहुतेक फ्रिजचं दार आठवत असावा.
ठेवणे, राहणे, पाळणे.
मग सावकाश, एकेक शब्द थापीनं बसवल्यासारखा,
"आय कीप, सर. लाइक लाडू."

साहेबाला कळलं नाही.
गुड, गुड, म्हणत पुढे गेला.

सतरा, अठरा,
का एकोणीस?
मी डबे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.