तिरफळ

तोंडवळीच्या त्या घराला कुंपण नव्हतं.
वाळू थेट उंबऱ्यापर्यंत यायची
आणि मांजर थेट ओट्यापर्यंत.
आम्ही पाच जण, तीन दिवस, दोन शेगड्या,
आणि प्रत्येकाच्या पिशवीत घरचा मसाला,
'ह्याचा वास घेऊन बघ' म्हणत उघडलेला.

नझीरने दाभोळहून आईची कृती आणली होती
मोबाइलमध्ये, तिच्याच आवाजात:
"खोबरं जास्त भाजू नको रे, कडू होतं."
मागे कोंबडी ओरडत होती, तीही कृतीतच आली.
भालूने वजनकाटा आणला. भालू म्हणजे भालूच.
मृण्मयीने लिंबं. समुद्रकाठी लिंबं मिळत नाहीत
असं तिला कुणी सांगितलं कोण जाणे.
मी फक्त भूक आणली.

चारुताने काहीच आणलं नव्हतं.
जिच्या हातचं खाऊन आम्ही होस्टेलची चार वर्षं काढली,
जी नुसत्या वासावरून सांगायची मीठ कमी पडलंय,
तिचं नाक एका तापात गेलं,
आणि त्याच्यामागून जीभही.
दोन वर्षं झाली. कॉफी म्हणजे गरम पाणी,
आंबा म्हणजे ओला कापूस.
हे तिनं गगनबावड्याच्या वळणावर सांगून टाकलं,
कुणी सांगावं, मला मागे बसलं की मळमळतं,
तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली.
दोर ओढायला आम्हीही धावलो;
तळहात सोलले, पाय घोट्यापर्यंत रुतले.
बाबल खवणेकर हसला,
"पुण्याचे काय? ओढा, ओढा, वाटो गावतलो."
खरंच मिळाला वाटा: सोळा बांगडे,
मूठभर पेडवे, एक गोंधळलेला खेकडा
जो भालूने काट्यावर ठेवताच पळाला.
बांगड्यांच्या पाठीवर अजून
समुद्राची गिचमिड ओली होती.

"मी करते," चारुता म्हणाली.
आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही,
म्हणजे बघितलंच.

तिनं कानानं रांधलं.
पाट्यावरची खरखर मऊ झाली, तेव्हा वाटण झालं.
पातेल्यानं पहिला बुडबुडा सोडला, तेव्हा बांगडे.
तिरफळं तिनं हातावर चुरडली,
तळहात सवयीनं नाकाशी नेला,
आणि तसाच खाली आणून पदराला पुसला.
मिठाचं आम्हाला विचारलं.
चौघांची चार मतं. भालू काटा शोधू लागला.

मग वास सुटला.
मी उठून बाहेर गेले, उगाच, सुरूंच्या झाडांपर्यंत.
तिच्यासमोर तो श्वासात घेणं
उपाशी माणसासमोर जेवण्यासारखं होतं.
पण वास माझ्यामागून आलाच.

उकड्या तांदळाचा भात, वर लाल आमटी.
आम्ही तिरफळं वेचून ताटाच्या कडेला लावत होतो,
रीतच आहे ती, चघळायचं नसतं.
चारुताने चुकून एक चावलं.

थांबली.
घास तोंडात, हात हवेत.
मृण्मयीने पाण्याचा तांब्या पुढे केला.
"नको," ती म्हणाली. "थांबा जरा.
मुंग्या. जिभेला मुंग्या येतायत."
आणि मग, हळूच, कुणाला तरी ओळखल्यासारखं,
"अगं, हे आहे. हे अजून आहे."

कुणी काही बोललं नाही.
नझीरने आपल्या ताटाच्या कडेची तीन तिरफळं
उचलून तिच्या ताटात ठेवली.
मग मृण्मयीने. मग मी.
भालूने मोजली: अकरा.
सोलकढी घेऊन आलेली बाबलची बायको दारातच उभी राहिली,
"तिरफळां खातत काय गे बाये कोण?"
चारुता खात होती, एकेक,
डोळ्यांतून पाणी, ओठ बधिर,
आणि बोबडं बोबडं हसत.

रात्री उशिरापर्यंत ती पायरीवर बसून होती,
ओठ बोटानं चाचपत.
सकाळी बघतो तर उरलेली आमटी मांजराने संपवलेली.
पातेलं लख्ख.
तिरफळं तेवढी तळाशी ठेवली होती.