कुडाचं आभाळ

खांबाला टिचकी मारून बघा, असं एवारिस्तो सांगतो.
पाहुणे आधी हसतात, मग मारतात.
आवाज येतो रिकाम्या कणगीसारखा.
त्यांचा चेहरा पडतो.
एवढं नावाजलेलं कॅथेड्रल, आणि आतून पोकळ?

एवारिस्तो चुम्पितास, वय एकोणऐंशी,
कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
घंटेच्या बाजूचा कान गेलेला.
म्हणतो, दगडाचं होतं की पूर्वी.
दोनदा दगडाचं होतं.
दोन्ही वेळा ते माणसांवर बसलं.

पहिलं बांधलं स्पेनहून आलेल्यांनी,
आपापलं गाव आठवून आठवून,
जिथली जमीन गाढ झोपते.
पेरूच्या या किनाऱ्यावरची जमीन कूस बदलते.
दुसरं विटांचं, दगडी छताचं, जाडजूड,
रागाच्या भरात बांधल्यासारखं.
ते पहाटेच्या मिस्सेला आलं खाली,
आणि मेलेल्यांची नावं लिहायला
लिहिणाराच उरला नाही.

तिसऱ्या वेळीही बिशपांनी दगडच मागितला.
तादेओ म्हणून एक गवंडी होता,
आई अंगोलाहून जहाजात आलेली,
स्वतःची किंमत हप्त्याहप्त्याने फेडून सुटलेला.
तो म्हणे काहीच बोलला नाही.
नदीवर गेला, एक बोरू कापून आणला,
बिशपांच्या टेबलावर वाकवला
आणि सोडला.
बोरू होता तसा सरळ झाला.
दौत तेवढी सांडली.

खरं-खोटं एवारिस्तोला ठाऊक.
मी दल्मीरा, तडे मोजायला आलेली.
परांचीवर पाठ टेकून निजते
आणि आभाळ नाकाच्या टोकाशी येतं.
खालून बघाल तर करडे घडीव दगड,
दोन दगडांमधला सांधासुद्धा नीट दिसतो.
वरून कळतं, सांधा म्हणजे कुंचल्याची रेघ.
एके ठिकाणी रंगाऱ्याचा हात थरथरलाय,
किंवा त्याला शिंक आली असेल.

काल त्या रेघेशेजारचा गिलावा काढला.
चुना, मग माती,
मातीत गवताच्या काड्या, गाढवाचा एक केस,
मग बोरू, शेजारी शेजारी निजवलेले,
आणि त्यांच्या पाठीशी देवदाराची कमान
होडीच्या बरगडीसारखी.
म्हणजे कूडच.
एवढ्या उंचावर, कुणाच्याही झोपडीचा कूड,
फक्त आभाळाच्या मापाचा.

पाऊस इथे पडत नाही, धुकं येतं आणि जातं,
म्हणून माती टिकली.
आणि मागच्या धक्क्याला?
एवारिस्तो वेदीपाशी मेणाचे ओघळ खरवडत होता.
म्हणतो, सगळं छत करकरलं,
डोक्यावर भरलेली दुरडी घेऊन
बाई चालते ना, तसं.
ओठांवर चुना आला. बस्स.

बोरू कमानीला बांधलेत कातड्याच्या वादीने.
ओली बांधायची, सुकताना आवळते,
खिळ्याची गरज नाही.
प्रत्येक गाठीजवळ वादी चेपलेली दिसली,
चार बारीक खळगे वर, चार खाली.
उंदीर, असं मी वहीत लिहिलं.
मग भिंग लावलं आणि उंदीर खोडला.
माणसाचे दात होते.
एका गाठीत पुढच्या एका दाताची जागा रिकामी,
पुढच्या गाठीतही, त्याच्या पुढच्याही.
सगळी उत्तरेची बाजू त्या दात पडलेल्याची.

तक्त्यात एक रकाना असतो, कारागीर.
त्यात बिशपांचं नाव घालायची पद्धत आहे.
मी तो तसाच सोडला.

आज एक वादी तुटलेली सापडली,
नवी बादलीत रात्रभर भिजवून ठेवली होती.
डाव्या हाताने कमान धरली, नाहीतर तोल जातो,
उजव्याने वेढा घातला, एक, दोन,
आणि गाठ ओढायला तिसरा हात नव्हता.

खारट लागते. जरा चुनखडीसारखी.

खालून एवारिस्तो ओरडला,
काय गं, गप्प का झालीस?
तोंडात वादी होती.