एकोणचाळीस ठिपके

श्वास घेतलास तरी चालेल, चेंगे, बार्नाबाश सांगतो,
फक्त ठिपके पडू देऊ नकोस.
एकोणचाळीस ठिपके. घोटे, गुडघे, खवाटे,
कपाळपट्टीवर चार.
ती हसते, आणि एक गळून पडतोच.

सोम्बातहेय, फेब्रुवारी, सकाळचे सहा.
हॉलच्या हीटरला खोकला झालाय.
ती धावते, फळीवर आदळते, टेबलावरून हवेत दीड वळण,
आणि उतरताना डावा गुडघा
पुन्हा आत.

तीन वर्षं मी ओरडत आले: गुडघा! गुडघा!
दिवसाला चाळीस उड्या, मग बर्फाची पिशवी.
एकदा तर म्हणाले, अक्कल गुडघ्यात आहे का तुझी?
अकरा वर्षांची पोर. मान खाली घातली
आणि एकेचाळिसावी मारली.

पडद्यावर चेंगे नाही.
वेणी नाही, नखांवरचं उडालेलं निळं पॉलिश नाही.
काळ्यावर काड्यांची बाहुली,
मधात बुडवल्यासारखी सावकाश वर चढते.
बार्नाबाश तिला मागे नेतो. आणखी मागे.
उतरण्याच्या मागे, वळणाच्या मागे,
पाय फळीवरून सुटायच्याही आधी
सहा शतांश सेकंद:
डोकं डावीकडे.

"सुरुवात इथे आहे," तो म्हणतो.
"गुडघ्यावर नुसतं खापर फुटतं."

डावीकडे काय आहे? भिंत. घड्याळ. दार.
"आणि तुम्ही," चेंगे म्हणते,
खडूची पूड तळहातांवर चोळत, जणू विशेष काही नाही.
"तुम्ही तिथे उभ्या असता ना."

म्हणजे अक्कल होती गुडघ्यात.
आम्हा दोघींच्या आधी त्याला कळलं होतं.

आता मी गादीच्या पलीकडे बसते, तिच्या नाकासमोर.
स्टुलावर. हात मांडीखाली.
दिवसाला बारा उड्या. दहातल्या तीन अजून बिघडतात,
बार्नाबाश वहीत आकडे लिहितो, मी काही बोलत नाही
(बोलले, दोनदा).

एका संध्याकाळी पोरी गेल्यावर त्याला म्हटलं,
मलाही लाव.
बावन्न वर्षांच्या अंगावर ठिपके नीट चिकटेनात.
धावायचं नव्हतं. नुसतं चालायचं,
फळीपर्यंत, पंचवीस मीटर.

मग पडद्यावर पाहिलं.
माझी बाहुली जराशी लंगडते, ते ठाऊक होतं.
फळी जवळ आली
आणि तिने खांदे चोरले,
डोकं उजवीकडे.

तिथे कुणी नव्हतं.
बार्नाबाशने विचारलं, मागे नेऊ?