बारापैकी सात

पुंता अरेनासला वारा सुटला की
नगरपालिका चौकात दोर बांधते,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
सातवी ‘ब’च्या वर्गात असा दोर नाही.

आज रेनानने पुन्हा खुर्ची भिंतीकडे फिरवली.
मी अपूर्णांक शिकवत राहिले
त्याच्या पाठीला.
मागून कुणीतरी मेंढीसारखं ओरडलं
आणि हसू, खरं सांगते, मलाही आलं.

साडेपाचला बूट बदलते.
सामुद्रधुनीच्या कडेने जुन्या धक्क्यापर्यंत, आणि परत.
डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांसाठी.
मी चालते ते दिवसभर गिळलेली वाक्यं
एकेक करून पाण्यावर सोडायला.
जाताना वारा तोंडावर,
येताना पाठीत, फुकटचा रेटा.

मोडक्या खांबांवर पाणकावळे.
खाली रेनान, खेकड्यांचे पिंजरे धूत,
बापाच्या हातमोज्यांत कोपरापर्यंत बुडालेला.
“बाई, रोज येता?”
“रोज.”
“असल्या वाऱ्यातसुद्धा?”
“तेव्हा जरा वाकून.”

तो पुन्हा पिंजऱ्यांकडे वळला,
पुटपुटला स्वतःशीच:
बारापैकी सात झाले.
मी तोंड उघडलं,
मिटलं,
आणि चालू लागले.